ठकीच्या अर्जात आम्ही सगळे

ती. ताईस,

तुझ्या धाकट्याचा वाकून नमस्कार. इकडे आम्ही खुशाल आहोत, निदान वजनकाट्यावरून तरी तसंच दिसतं. भाऊजींचा गुडघा कसा आहे? जिना चढताना नुसते कण्हतात की तुझ्या नावाने ओरडतात? (ओरडत असतील तर गुडघा सुधारतोय असं समज.) दुकान उत्तम चाललंय. कपडे येतात, धुतले जातात, इस्त्री होऊन ज्याचे त्याला जातात. काळजीचं काही कारण नाही.

आता मुद्द्याचं. आमची ठकी रविवारी बॅग घेऊन तुझ्या दारात उभी राहिली आणि सहज आले म्हणाली, ती सहज आलेली नाही. तिने तुला काही सांगितलं नसणारच. ती तिच्या आईवर गेलीय, रागावली की बोलणं बंद आणि भांडी घासणं सुरू. तुझी भांडी सध्या लखलखत असतील तर त्याला कारण मी आहे. शुक्रवारी तिच्या विद्यापीठाची मुदत संपतेय आणि पोरगी अर्जच सोडून द्यायला निघालीय, म्हणून त्याच्या आत सगळं तुझ्या कानावर घालतो.

तिला अकाउंटिंग आणि फायनान्स शिकायचंय, हे तुला माहीत आहे. विद्यापीठ लांबचं आहे, नावाजलेलं आहे, आणि नावाजलेल्यांचे नखरेही असतात. नुसत्या मार्कांवर त्यांचं भागत नाही. त्यांना पर्सनल स्टेटमेंट लागतं, म्हणजे हाच विषय का शिकायचा ते मुलीने स्वतःच्या शब्दांत लिहायचं. ताई, आपल्या घरात स्वतःचे असे शब्द कधी कुणाकडे होते का? साधं खुशालीचं पत्र निघालं तरी ते घरभर फिरायचं, आईच्या चार ओळी, काकांच्या दोन, आणि समासात तू आडवी. त्यामुळे ठकीने लिहून कॉम्प्युटरवर उघडं ठेवलेलं पान दिसलं, तेव्हा ते आम्ही चार ओळी घालाव्यात म्हणूनच ठेवलंय असं मी धरून चाललो. कोणीही धरून चाललं असतं.

तिने काय लिहिलं होतं म्हणशील, तर आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात ती शाळा सुटल्यावर काउंटरवर बसते, दुकान बंद करताना चिठ्ठ्या आणि कपडे जुळले की तिला बरं वाटतं, आणि जुळले नाहीत तर का जुळले नाहीत हे सापडेपर्यंत चैन पडत नाही. बस्स. मला ते फार मिळमिळीत वाटलं. एवढ्यावर कोण जागा देणार? म्हणून मी थोडी खळ घातली. ही मुलगी पाळण्यात असल्यापासून आकडे मोजते असं लिहिलं (बोटं चोखायची, पण एकेक करून चोखायची), आणि तिचे वडील कर्तबगार, स्वाभिमानी व रुबाबदार आहेत हेही ओघात आलं. तेवढ्यात आपले रिटायर्ड हेडमास्तर ब्लँकेट न्यायला दुकानात आले. शिकलेला माणूस आयता दारात आलाय म्हटल्यावर मी त्यांना खुर्ची दिली. त्यांनी अखिल मानवजातीच्या आर्थिक उत्कर्षावर एक वाक्य सुरू केलं, ते ब्लँकेट बांधून झालं तरी संपेना. शेवटी मीच पूर्णविराम दिला.

मग तुझी भावजय आली. मुलीचं कौतुक करायचंय एवढं तिच्या लक्षात आलं आणि पदर खोचून बसली. उंची बेताची, वर्ण उजळ, स्वभाव मनमिळाऊ, सर्दीचा त्रास नाही, स्वयंपाक येतो, असं करत करत खाली "अपेक्षा: निर्व्यसनी व सुशिक्षित" इथपर्यंत पोचली. ही अपेक्षा विद्यापीठाकडून होती की काय ते मी विचारलं नाही (संसार करायचा असतो). शेवट मोकळा दिसू नये म्हणून मी रीतसर लिहिलं की आपल्या कार्यालयातील सर्व थोरांना नमस्कार व लहानांना अनेक आशीर्वाद. मग त्या यंत्राने विचारलं, तुमची खात्री आहे ना? या घरात इतक्या आदराने मला कुणी काही विचारत नाही. मी आहे म्हणून सांगितलं, आणि ते थेट विद्यापीठाला गेलं. मला वाटलं होतं, कपाटात ठेवल्यासारखं आत राहील.

ठकीने घरी आल्यावर ते वाचलं. ओरडली असती तर बरं झालं असतं, आपण ओरडणारी माणसं आहोत, आपल्याला ते समजतं. तिने हळू आवाजात विचारलं, "बाबा, यात मी कुठे आहे?" मी तिला उंचीची ओळ दाखवली. त्यानंतर ती बॅग भरायला गेली.

मी विद्यापीठाला फोन लावला. तिकडच्या बाई म्हणाल्या, आम्ही पालकांशी बोलत नाही. मी म्हटलं, मी पालक म्हणून फोन केलेला नाही हो, मी सहलेखक आहे. त्यांनी मुलीचं नाव विचारून घेतलं. मग म्हणाल्या, ते स्टेटमेंट का, ते आमच्या इथे सगळ्यांनी वाचलंय, लहानांनीसुद्धा. हसायचं थांबवून त्यांनी सांगितलं की मुलीने शुक्रवारपर्यंत नवं पाठवावं, जुनं आम्ही धरणार नाही, पण ते तिचं एकटीचं असावं. तसा निरोप त्यांनी ठकीलाही पाठवलाय. म्हणजे वाट मोकळी आहे. आणि हे सगळं झाल्यावर बयेने काल तिच्या आईला फोनवर सांगितलं की राहू दे, मी इथल्याच कॉलेजात जाते, नाहीतरी बाबांना दुकानात माणूस लागतोच. ताई, हे ऐकून मला रात्रीचं जेवण गेलं नाही. माझ्या खळीपायी पोरीचं नशीब कडक होऊन मोडायला नको.

तेव्हा तिला एक खोली दे, दार लावून घे आणि लिहू दे. पत्र आपल्या गाडीवाल्याबरोबर पाठवतोय, सोबत भाऊजींचा कोट आहे, डाग गेलाय.

तुझा,
धाकटा

ता. क. भाऊजींना त्या खोलीकडे फिरकू देऊ नकोस. त्यांना शेर सुचतात.

ता. क. वन्सं, नमस्कार करते. दुकान उत्तम चाललंय असं यांनी वर लिहिलंय, त्यावर विश्वास ठेवू नका. ठकी गेल्यापासून एक चिठ्ठी जागेवर नाही. काल वकीलसाहेबांचा काळा कोट बँडवाल्याकडे गेला आणि बँडवाल्याचा लाल, झालरवाला कोट वकीलसाहेबांकडे. आज सकाळी दोघेही दुकानात येऊन बसलेत आणि यांचं आपलं पत्र लिहिणं चाललंय.

ता. क. तुझ्या भावजयीने लिहिलंय ते खरं आहे. खोडणार होतो, पण ती बाजूलाच उभी आहे. तर ताई, खरं काम आता सांगतो. हे पत्र ठकीला दाखवू नकोस. ती तुला विचारील, दुकान कसं चाललंय. तेव्हा सांग की झकास चाललंय, बाबांचं तिच्यावाचून काही म्हणजे काही अडत नाही. मीच सांगणार होतो, दोनदा फोन हातात घेतला. पण ती माझ्या नुसत्या हॅलोवरून ओळखते. तू मोठी आहेस, तुला हे जमेल.