पितळी डब्याची कल्हई

६ फेब्रुवारी १९८५
पुन्हा तेच. चौथ्याच महिन्यात! ही तिसरी वेळ. दवाखान्यातून काल घरी आणलं. आता मेलं रडूही येत नाही.

७ फेब्रुवारी
पडून आहे.

१० फेब्रुवारी
सासूबाई म्हणाल्या, "वणीला जाऊन ओटी भरू. देवी ऐकेल." लागट बोलल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं! उलट पितळी डबा पुढे सरकवला. "चटणी उरलीय गं, तोंडाला चव येईल." चिंच-गुळाची, डोहाळ्यांची. दर खेपेला त्यांनीच केली, नि मी चाटूनपुसून खाल्ली. आज बघवेना. सगळी मोरीत ओतली.

११ फेब्रुवारी
डबा घासून, पुसून आतून बोट फिरवलं. काळं! आई प्रत्येक नव्या कल्हईवर असंच बोट फिरवायची. काळं झालं की कल्हईवाल्याची धडगत नसे — "शिसं मिसळलंस मेल्या!" मी पुन्हा धुतला, पुन्हा पुसला. बोट काळंच.

पण या डब्याची आताची कल्हई कल्हईवाल्याची नाहीच. लग्नाच्या वर्षी आतली कल्हई उडाली, चटणी कळकली. तेव्हा ह्यांनी अंबडच्या कारखान्यातून तारा जोडायची, डाग द्यायची कांडी आणली, नि आतून सगळा डबा मढवला. लखलखीत! काय मिरवले होते!

१२ फेब्रुवारी
सहजच विचारल्यासारखं केलं, त्या कांडीत काय असतं हो? "कथील नि शिसं. का गं?" — काही नाही, म्हटलं.

कसं सांगू? दवाखान्याच्या जिन्यात हा माणूस लहान पोरासारखा रडला. त्याला म्हणू, तुमच्याच हातांनी? त्यानेच झालं का, देव जाणे! डॉक्टरांना विचारायचीही छाती होत नाही. पण आंबटात शिसं उतरतं, नि ते पोटात जाऊ नये, एवढं मलाही कळतं. सगळं खरवडून नीट कल्हई करून घेता येईल. पण खरवडायला काढला की हे विचारणारच, का? टाकला माळ्यावर, गोधड्यांच्या मागे. मलाही कुणी असंच टाकून द्यावं.

२ मार्च
शेजारी बारसं. गेले नाही. दार लावून बसले. पाळण्याची गाणी भिंतीतूनही ऐकू येतात.

१९ मार्च
बाजारातून आले तर माळा झाडलेला. डबा नाही! सासूबाई नुसत्या फुलल्या होत्या: "अगं, आपल्या अनसूयेला दिवस गेलेत! डबा रिकामाच पडला होता. चटणी भरून शामबरोबर विंचूरला धाडला."

अनसूया — माझी नणंद. नि नेला तो ह्यांनीच, बहिणीसाठी, हौसेने! देवा!

१९ मार्च, गाडीत
अक्षर हलतंय. विंचूर आलंच. डबा ह्यांच्यादेखत ओतणार, नि का ते सांगणार. रडले तर रडू देत.