घुटमळ्या कोणाचा?

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि गच्चीतल्या कुंड्यांना पाणी कोण घालतं, तेवढं कळव. इकडे आम्ही खुशाल आहोत. भावोजी तर इतके खुशाल आहेत की बाकीच्यांच्या वाट्याला खुशाली जरा कमीच येते. हवापालटासाठी आठ दिवस पाठवते, असं तू म्हणाली होतीस. हवा पालटली, ऋतू पालटला, भावोजी आहेत तिथेच आहेत. माझी तक्रार नाही. प्रकाशन संस्थेच्या कायदा विभागात सगळी नोकरी काढलेला माणूस माझ्या चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत राहतो, हे माझं भाग्यच. (गिऱ्हाइकाला मी ‘हा चष्मा तुम्हाला शोभतो’ म्हणालो की आतून आवाज येतो, याची लेखी हमी देऊ नकोस.)

तुला ठाऊकच आहे, दर शनिवारी दुकान बंद झालं की त्या खोलीत मी, समोरचे दातांचे डॉक्टर आणि शिवणकाम करणाऱ्या वहिनी अशी तिघं खेळायला बसतो. (तुझ्या मते हा पोरखेळ आहे.) मी गोष्ट सांगतो, ती दोघं त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि भिंत चढता आली की पडून पाय मोडला, हे फाशांवर ठरतं. हा खेळ मी वर्षानुवर्षं रचत आणलाय, आणि आता एक खेळणीवाला तो खोक्यात घालून विकायला तयार झालाय. त्याची अट एकच, यातले शब्द कुणाचे ढापलेले नाहीत असं लिहून द्यायचं. मी सही करणार तेवढ्यात भावोजींनी विचारलं, “हे केसाळ पायांचे बुटके कुठून आणलेस?”

ते एका परदेशी कादंबरीतले. (त्यांचं मूळ नाव लिहीत नाही. भावोजी मागे उभे आहेत.) जगातल्या निम्म्या खेळांत ते फिरत असतात, म्हणून मला वाटलं असतील सगळ्यांचेच. नसतात म्हणे. भावोजींनी लाल पेन्सिल मागवली. ड्रॅगन सुटला, तो कुणाच्या बापाचा नाही. टोकदार कानांच्या एल्फांना जुन्या लोककथांतले म्हणून जामीन मिळाला. अंधारकोठडीही चालेल, पण ड्रॅगनशेजारी एकाच ओळीत आली तर ती दोघं आत राहतील आणि मीही, कारण त्या जोडीच्या नावाचा एक परदेशी खेळ आधीच बाजारात आहे. बुटके झाले ‘कमी उंचीचे रहिवासी’, चालणारं झाड ‘स्थलांतरित वनस्पती’, आणि मेलेल्यांना उठवणारा मांत्रिक ‘पुनर्वसन अधिकारी’. अदृश्य करणाऱ्या अंगठीचा बराच विचार करून त्यांनी तिचं अंगुस्तान केलं. (वहिनी म्हणाल्या, शिवताना बोटात घालायचं त्यांचं अंगुस्तान एरवीही कधी दिसत नाही.) ‘मांत्रिक’ हा शब्द तरी कुणाचा, असं मी विचारलं, तर कुणाचा नाही हे तू सिद्ध कर म्हणाले.

त्या शनिवारी या निष्कलंक शब्दांनिशी खेळायला बसलो. डॉक्टर एरवी तलवार उपसून धावत सुटतात. (दिवसभर लोक त्यांच्यापुढे आ वासून बसतात, त्याचा परिणाम.) त्या दिवशी कमी उंचीच्या रहिवाशांनी त्यांच्याकडे पुनर्वसन अधिकाऱ्याविरुद्ध मदत मागितली, आणि डॉक्टरांनी रीतसर अर्ज केलाय का, असं विचारलं. वहिनींनी एक समिती नेमली. स्थलांतरित वनस्पतीला पाणी कुणी द्यायचं यावर गंभीर चर्चा झाली. फाशांना कुणी हात लावला नाही. निघताना डॉक्टर चपला चढवत हळूच म्हणाले की पुढच्या शनिवारी त्यांना जरा काम आहे. ताई, त्यांना शनिवारी काम नसतं. खेळ छापला नाही तर मी चष्मे विकत राहीन, माझं काही अडत नाही. पण ती दोघं यायची थांबली तर त्या खोलीत मी कुणाला गोष्ट सांगू?

हे बहुधा भावोजींनाही दिसलं असावं, कारण पुढच्या शनिवारी ते स्वतः रस्ता ओलांडून डॉक्टरांना घेऊन आले आणि मीही खेळणार म्हणाले. गोष्टीत एक दार होतं. तिथला राक्षस मला खोडावा लागला होता, ती जागा त्यांनी मागून घेतली. म्हणाले, “मी घुटमळ्या.” हा घुटमळ्या दाराशी उभा राहतो, स्वतः जात नाही, दुसऱ्याला जाऊ देत नाही, सतत प्रश्न विचारतो आणि मधूनमधून कुलूप ओढून बघतो. डॉक्टरांनी तलवार उपसली, तर घुटमळ्यानं परवाना मागितला. वहिनी हसता हसता खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. मग आम्हालाही चेव आला आणि बुटक्यांना, झाडाला, मांत्रिकाला आम्ही घरचीच नवी नावं ठेवली. खेळणीवाला खूश आहे, त्याला घुटमळ्या खोक्याच्या झाकणावर हवाय.

आणि भावोजी परवानगी देत नाहीत. शब्द त्यांच्या स्वतःच्या प्रतिभेचा आहे, तो असा कुणालाही देता येत नाही, बघू म्हणतात. खेळणीवाला ताटकळलाय. तेव्हा ताई, कृपा करून त्यांना घरी बोलावून घे. निघायच्या गडबडीत कदाचित सही करतील.

तुझा, अजून तरी कुणाची नक्कल नसलेला,
धाकटा

ता. क. पत्र पाकिटात घालणार एवढ्यात भाचीचा फोन आला. घुटमळ्याचं नाव काढताच ती खो खो हसत सुटली. म्हणाली, “मामा, आई बाबांना हेच म्हणते.” बाहेर पडताना ते कुलूप ओढायला पुन्हा पुन्हा मागे फिरतात, म्हणून. म्हणजे शब्द तुझा. सोबत कागद जोडलाय, खाली सही करून पाठव. भावोजींना एवढ्यात काही बोलू नकोस. प्रतिभेची उसनवारी स्वतःच्याच घरी निघाली, हे त्या माणसाला सोसायचं नाही.

ता. क. (दुसरा) त्यांना बोलावूही नकोस. ते दार आम्हाला अजून ओलांडता आलेलं नाही.