अकलोलीला न पोचलेली गाडी

नारपोली, भिवंडी
शुक्रवार, २ फेब्रुवारी १९९०

माझी थोरली बहीण तीर्थरूप जाईबाय हिला धाकट्या शेवंताचा वाकून जय भीम. तुझे गुडघे कसे आहेत? दारात गरम पाण्याची कुंडं, सारी मुंबई गुडघे शेकायला अकलोलीला येते, आणि अकलोलीची बाईच लंगडत चालते, याला काय म्हणावं! रोज उतरत जा पाण्यात. सोमा, त्याची बायको, पोरंबाळं, तुझा तो दारातला शेवगा, सगळ्यांची खुशाली कळव. इकडे आम्ही मजेत आहोत. कान सोडून माझं सगळं जागेवर आहे. तसे कानही जागेवरच आहेत, फक्त ड्युटीवर येत नाहीत.

(सोमा बाळा, हे दोन वाकडे उभे दांडे दिसतात ना, त्यांना कंस म्हणतात. माझ्या नातीने, काशीने शिकवले. मी दुसरीतून शाळा सोडली तेव्हा हे नव्हते, नाहीतर सोडली नसती. यांच्या आत जे असेल ते तू मनात वाचायचं, आईला ऐकवायचं नाही. बाकीचं खणखणीत वाच.)

जाईबाय, तू रागावली आहेस हे मला ठाऊक आहे. मंगळवारी सोमाने कामावरून, काल्हेरच्या गोदामातून, आमच्या यादवला फोन करून सांगितलं, की रविवारी आम्ही येणार म्हणून तू कोंबडा कापलास, तांदळाच्या भाकऱ्या थापल्यास, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत रस्त्याच्या कडेला बाज टाकून बसलीस. मग कोंबडा शेजारी वाटलास आणि म्हणालीस, "शेवंता आता दारात आली तरी मी कडी काढायची न्हाय." तुझी कडी मला माहीत आहे. ती एकदा लागली की लागली. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. ऐक आणि मग काय ते ठरव.

दाजी गेले ते पंच्याऐंशी सालच्या पावसात. रस्त्यावर पाणी, एसटी बंद, आणि आम्ही तिसऱ्या दिवशी चिखलात लडबडून तुझ्या दारात. तू म्हणालीस, "आता कशाला आलात? पुढच्या मयतीला तरी वेळेवर या." तू बोललीस ते दुःखात, मी ऐकलं तेही दुःखात, पण ते यादवच्या कानात राहिलं. (सोमा, हे ऐकव की नको, तूच ठरव. मला कळत नाही.) माझा यादव तेव्हा लूमवर जॉबर होता, मोडकी लूम दुरुस्त करायचा. परत आला, आंघोळ केली आणि चार दिवसांनी जाऊन मारुती गाडीला नंबर लावून आला. मी म्हटलं, अरे आपल्याकडे सायकलचं चाक वाकडं आहे. तर म्हणतो, आये, नंबर येईपर्यंत चाक सरळ होईल. नंबर यायला चार वर्षं लागली. तोवर त्याने स्वतःचं लूम दुरुस्तीचं दुकान टाकलं, काशी नववीत गेली, सूनबाई कमळाचं वजन वाढलं (हे वाचू नको), आणि नोव्हेंबरात गाडी दारात आली. पांढरी शुभ्र, मऊ, एवढीशी. नाव मारुतीचं, माहेर जपानचं.

शेजारच्या बाया म्हणाल्या नारळ फोडा, लिंबू-मिरची बांधा. काशी म्हणाली, आजी, आपल्यात ते चालत न्हाय. मग आम्ही सगळ्यांनी गाडीसमोर उभं राहून त्रिसरण-पंचशील घेतलं. दारूचं शील आलं तेव्हा कमळाने यादवकडे असं बघितलं की त्याने ते दोनदा म्हटलं. मी मात्र माझी एक वस्तू आत टांगली. तुला ठाऊक आहे, बावीस वर्षं मी लूमवर कांड्या भरल्या. शेवटच्या दिवशी भरलेली पांढऱ्या सुताची कांडी मी घरी आणली होती, ती गाडीच्या आरशाला बांधली. लिंबापेक्षा बरी, सुकत नाही.

आता गाडीत दोष म्हणशील तर एकच. तिला आवाज नाही. तू नारपोलीत कधी राहिली नाहीस म्हणून तुला कळायचं नाही. इथे चारी बाजूंनी रात्रंदिवस लूम खडखडतात. आवाज थांबला की तान्हं मूल दचकून उठतं. आवाज नाही म्हणजे एक तर लाइट गेली, नाहीतर हरताळ. आम्ही तिघं, मी, यादव, कमळा, उभ्या जन्मात मशीन डोळ्यांनी बघत नाही, कानाने बघतो. आणि कानांची ही अशी गत. यादव तर बोलतो ते इतक्या मोठ्याने की पहिल्या दिवशी गाडी द्यायला आलेला माणूस आमचं भांडण लागलं समजून बाहेर जाऊन उभा राहिला. त्या माणसाने यादवकडून शब्द घेतला की बोनेट उघडून जॉबरचा हात आत घालायचा नाही. जॉबरला मशीन दिसलं की नट आवळायची खाज सुटते, हे त्याने चेहऱ्यावरूनच ओळखलं.

तर रविवारी निघालो. मी पुढे, नवं लुगडं, मांडीवर तुझ्यासाठी खारे बोंबील. काय सांगू तुला, अणगाव गेलं तरी मांडीवरचा एक बोंबील हलला नाही! एसटीत आपण भिवंडीहून निघतो एका अंगाने आणि उतरतो दुसऱ्या अंगाने, तसं काही नाही. मला इतकं सुख वाटलं की मी रस्त्यातल्या सगळ्या माणसांना हात केला. (त्यातले तीन जण थांबा म्हणतोय समजून धावत आले. यादव ओरडला.) अंबाडीच्या अलीकडे म्हशी आडव्या आल्या. वीसेक म्हशी, आणि एकीलाही घाई नाही. यादवने गाडी उभी केली. म्हशी गेल्या. आणि गाडीत एकदम शांत. जाईबाय, नारपोलीत लाइट गेल्यावर होतं तसं. मी म्हटलं, यादव, बंद पडली रं! त्याने कान दिला. कमळाने कान दिला. कोणालाच काही ऐकू येईना. मग त्याने किल्ली फिरवली, तर आतून असा कर्रर्र आवाज आला की जणू दात मोडले. पुन्हा फिरवली, पुन्हा कर्रर्र. यादवचा चेहरा पांढरा पडला, गाडीसारखा. बोनेट उघडावं तर शब्द दिलेला. मागून काशी काहीतरी ओरडत होती, पण आमच्या घरात लहानांचं कोणी ऐकत नाही, आणि ते मानापायी नाही, कानापायी.

मग ठरलं, अंबाडी नाक्यावर मिस्तरी आहे, तिथवर ढकलत न्यायची. यादव, कमळा आणि काशी मागे. चाक कोणी धरायचं? मी. (सोमा, हे मनात वाच. बाळा, मी गाडी चालवली! पासष्टाव्या वर्षी! डावीकडे फिरवलं की डावीकडे जाते, उजवीकडे फिरवलं की उजवीकडे. इतकं आज्ञेत मला आजवर कोणी वागलं नाही, तुझे काकासुद्धा.) शेतातून लडकू नावाचा एक शेतकरी आला, त्याच्याबरोबर चार जण आले. लडकू म्हणाला, "आजी, बैल जुपू का? जपानवाल्यांना कलंल तरी, बैल काय असतो त्यो!" मी म्हटलं, बैल नको, जपानचा अपमान होईल. अर्धा कोस ढकलली. कमळाची चप्पल तुटली. आरशाला माझी कांडी सारखी थरथरत होती, मला वाटलं ढकलण्याने.

नाक्यावरचा मिस्तरी उत्तरेकडचा, वयस्कर माणूस. त्याने गाडीकडे बघितलं, घामाने निथळणाऱ्या आठ माणसांकडे बघितलं, मग खिडकीतून हात घालून किल्ली उलटी फिरवली. कांडी थांबली. त्याने किल्ली सुलटी फिरवली, कांडी थरथरायला लागली. म्हणाला, "अम्मा, गाड़ी तो चालू थी. चालू गाड़ी को धक्का क्यों मार रहे हो?" काशी रस्त्यात खाली बसली आणि म्हणाली, हेच मी मघापासून सांगतेय. लडकू इतका हसला की त्याला पाणी पाजावं लागलं. तर जाईबाय, अशी ही अडचण झाली, आणि त्यात दिवस गेला, म्हणून आम्ही पोचलो नाही.

बुधवारी यादव गाडी दाखवायला ठाण्याला, कंपनीच्या दुकानी, नेत होता, मी हट्टाने बरोबर गेले. तिथे चष्मेवाले एक साहेब गाड्यांच्या मालकांना प्रश्न विचारून कागद भरत होते, गाडीवर किती समाधानी आहात म्हणून. मी म्हटलं, साहेब, आधी तुम्ही सांगा, हिला आवाज का नाही? त्यांनी हसून जी गोष्ट सांगितली ती ऐकून मी खुर्चीतून उठून उभी राहिले. ही सुझुकी कंपनी आहे ना, ती मुळात लूमवाली! गाड्या नंतर आल्या. जपानात कापूस पिकवणाऱ्याचा एक पोरगा होता, सुतारकाम शिकलेला. त्याची आई मागावर कापड विणायची. तिचे कष्ट बघून त्याने तिच्यासाठी स्वतःच्या हाताने नवा माग बनवला. तो शेजारणींना आवडला, मग कारखानाच निघाला, आणि चाळीसेक वर्षं ते मागच बनवत राहिले. मग मोठी लढाई झाली, आणि पुढे मागाच्या धंद्यात मंदी आली तेव्हा सायकलला इंजिन बसवून विकलं, मग छोटी मोटार. म्हणजे जाईबाय, आपलाच माणूस निघाला! आईसाठी माग करणारा! मी नारपोलीत तीन गल्ल्यांमध्ये सांगून आले. लूमवाले भय्ये आता गाडीला हात लावून जातात, सोयरिक असल्यासारखे. आवाज का नाही ते साहेबांनी काही यंत्राचं सांगितलं, पण माझं मत वेगळं आहे. त्या आईचे कानही माझ्यासारखेच गेले असणार. मग पोराच्या घरात ठरलं असेल, पुढचं मशीन करू ते बिनआवाजाचं.

मग साहेबांनी प्रश्न विचारले. गाडीत काही दोष? यादवने मान हलवली, नाही. मी म्हटलं, दोष आमच्या कानांत आहे, तो लिहा. ते म्हणाले, त्याचा रकाना नाही. मग विचारलं, गाडी मुख्यतः कशासाठी घेतली? कामासाठी, घरच्यांसाठी, की फिरायला? मी म्हटलं, बहिणीला आणायला. त्याचाही रकाना नव्हता, पण भला माणूस, कडेला लिहिलं. मग पेन थांबवून विचारलं, "आणलंत का बहिणीला?" जाईबाय, मी एवढी बडबडी, पण म्हटलं, साहेब, पुढचा प्रश्न विचारा. शेवटचा प्रश्न समाधानाचा. अतिशय समाधानी लिहू का आजी? मी म्हटलं, गाडीवर अतिशय. पण तो रकाना आत्ता भरू नका. त्यांनी कागदच माझ्या हातात दिला.

लिहिण्यात चूक झाली असेल तर शिकवणाऱ्या काशीची, आणि चांगलं लिहिलं असेल तर माझं. सगळ्यांना जय भीम. सोमाच्या धाकटीला माझा पापा.

तुझीच,
शेवंता

ता. क. रात्रभर झोप नाही, म्हणून खरं ते लिहिते. मिस्तरीने किल्ली फिरवली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. अंबाडीहून तुझं घर किती, वीस मिनिटं. यादव म्हणाला, चला, मावशी वाट बघत असेल. मीच म्हटलं, परत फिरव. धुळीने माखलेली सून, चप्पल तुटलेली, आणि पुन्हा उशीर. मला दारातलं तुझं ते तोंड दिसलं, पंच्याऐंशी सालचं. तुझ्या कडीला मी भ्याले. दिवस गाडीने घालवला नाही, तिचं नाव मी घेतलं. ती बिचारी तेव्हाही चालूच होती.

दुसरा ता. क., रविवार सकाळ. पत्र पेटीत टाकायला निघाले तर यादव म्हणाला, टपाल चार दिवस घेतं, गाडी दीड तासात नेते. म्हणून हे पत्र काशी तुझ्या दाराशी आणून देते आहे. तिला आत घे, तिची काही चूक नाही, आपल्या आईचं नाव चालवते ती. (सोमा, आता कंसातलंही सगळं मोठ्याने वाच. गाडी चालवली तेसुद्धा.) मी समोर रस्त्यावर गाडीत बसले आहे, बोंबील मांडीवर, साहेबांचा कागद पिशवीत. तू कडी काढून बोलावलंस तर उतरेन. नाही तर तूच पुढच्या सीटवर ये आणि आठ दिवस नारपोलीला चल. इकडून काही आवाज आला नाही तर निघून गेले असं समजू नको. खिडकीतून आरशाकडे बघ. कांडी हलते आहे.