तीन तारा आणि एक लाल काठ

आप्पा, तुम्ही केलेल्या त्या तीन तारा अजून माझ्या कपाटात आहेत. त्यांची टोकं बसतील असं यंत्र आता घरात नाही, तरी दर वेळी घर बदलताना मी त्या सोबत आणल्या. टोकांना तुम्ही गुंडाळलेला रेशमाचा धागा आहे, एकीला पांढरा, एकीला निळा, एकीला लाल. लाल थोडा विटलाय.

त्या तयार झाल्या आपल्या शहापुरातल्या स्वयंपाकघरात. तुमच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात उजेड कमी, म्हणून बारीक सोल्डरिंग तुम्ही दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून करायचा. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी बेळगावातल्या एका वर्तमानपत्रात नुकतीच उपसंपादक म्हणून लागले होते. आई पिठाची परात घेऊन उभी आहे आणि म्हणतेय, "मी भाकरी करू का तुमचं शिसं वितळायची वाट बघू?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुझ्या तव्यावर तर न्हाय ना ठेवलं अजून." तिन्ही तारा तुम्ही एकत्र धरून एकदमच कापल्या. लांबी बोटभरही कमीजास्त नको, म्हणाला होतात, तिघींचा माल एकाच वेळी पोचला पाहिजे.

तुम्हाला हे सुचलं त्याला कारण साड्याच होत्या. पुण्याचा तुमच्या ओळखीचा कॅमेरामन त्याच्या मोठ्या कॅमेऱ्यानं आपल्या गल्लीतल्या साड्या चित्रित करून गेला होता. साडी मागावरून उतरली की विकली जायची, नमुना म्हणून ठेवून घेणं विणकरांना परवडत नव्हतं. निदान चित्र तरी राहावं, बाहेरच्या व्यापाऱ्याला दाखवता यावं, ही कल्पना तुमची. पण टेप दाखवायचं मशीन साध्या एकाच तारेनं टीव्हीला जोडलं की लाल रंग काठाबाहेर सांडायचा आणि बारीक चौकड्यांवर नसलेलं इंद्रधनुष्य नाचायचं. तुम्ही खिडकीशी बसून मला समजावलंत, "उजेड आन् रंग एकाच तारेत कोंबलं की पलीकडं ते नीट सुटत न्हायत. म्हणून तीन वाटा. एकीत नुसता उजेड, काळं-पांढरं चित्र. दुसरीत निळा उजेडापेक्षा किती कमीजास्त, तिसरीत लाल किती कमीजास्त."

"आणि हिरव्याची तार?"

"हिरव्याला तार लागत न्हाय. एकूण म्हायती हाय, दोघांचं म्हायती हाय. उरलं ते हिरवं."

मागावरून उठून तुम्ही रेडिओकडे वळलात आणि रेडिओवरून टीव्हीकडे. अवघड गोष्ट इतकी उलगडून ठेवणारा माणूस मला पुढे वर्तमानपत्राच्या कचेरीतही भेटला नाही.

मग तो दिवस आला. विणकरांच्या सोसायटीच्या खोलीत हुबळीचे व्यापारी आले होते. कॅमेरामननं पुण्याहून ते टेपचं मशीन आणलं होतं, आणि मोडीत निघालेल्या एका स्टुडिओतून तुम्ही मिळवलेला मॉनिटर स्टुलावर होता. मशीन भिंतीला टेकलेलं. तुम्ही पुढून वाकून, हात पाठीमागे घालून, चाचपत टोकं बसवलीत आणि पाव वळसा देऊन घट्ट केलीत. पडद्यावर पहिली साडी आली, सगळीच हिरवी. छान हिरवी दिसली. तुम्ही समाधानानं मान हलवलीत.

दुसरी साडी शेजारच्या गल्लीतल्या आक्कांची होती. त्यांच्या एकटीच्या मागावर त्यांचं घर चालायचं. अंग हिरवं, काठ लाल. अशाच साड्यांची मोठी मागणी नोंदवायला व्यापारी आले होते. पडद्यावर अंग हिरवं होतं आणि काठ निळाभोर.

"इल्ला री," व्यापारी म्हणाले. "न्हाय, न्हाय. लाल काठ सांगितलात, हा निळा हाय. सूत बदलून देता काय तुम्ही?"

आक्का उठून उभ्या राहिल्या. "ही माझी साडी न्हाय. म्हंजे हाय, पण काठ माझा न्हाय. मी लाल घातलाय."

"आक्का, मशीनला काय तुमच्याशी वैर हाय?" सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले. "हिरवा बरोबर दावतंय, मग निळा तेवढा खोटा दावंल व्हय?" दोघंचौघं हसले. साडी केव्हाच कुणाच्या तरी लग्नात गेली होती, आक्का दाखवणार काय? त्यांनी पदर घट्ट धरला होता. मागणी तर जाणारच होती, पण सूत बदलणारी बाई हे नाव गल्लीभर झालं असतं.

सेक्रेटरींच्या त्या थट्टेनंच तुम्हाला उत्तर दिलं, हे मला नंतर कळलं. निळ्या-लालाच्या तारांची अदलाबदल झाली तरी हिरवा हिरवाच राहतो, कारण हिरव्यात ते दोन्ही कमीच असतात. तुमचा चेहरा बदललेला मी पाहिला आणि कानाशी येऊन म्हणाले, "आप्पा, जरा बंद करा, गुपचूप बदला. कुणाला कळायचं नाही."

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत की मी मागे सरले. "लोकांच्या देखत बिघडलंय. लोकांच्या देखतच नीट करायचं." आणि मग खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात, "चूक माझी हाय. आक्कांचं सूत खरं हाय. मी तारा उलट्या घातल्यात."

मागावर बसणारा माणूस डावं-उजवं बसल्या जागेवरून धरतो. तुम्ही मशीनसमोर तसेच बसला होतात आणि पाठीमागची भोकं समोरून मोजली होतीत. मधलं उजेडाचं, ते चुकायचा प्रश्न नव्हता. बाजूची दोन तेवढी उलटली.

चित्र चालू ठेवूनच तुम्ही मशीन फिरवलंत आणि आक्कांना बोलावलंत. "तुमच्याच हातानं घाला. लाल धाग्याची हिकडं, निळ्याची तिकडं." आक्कांनी दोन्ही टोकं सोडवली, तसे पडद्यावरचे रंगच गेले. मग त्यांनी एक बसवलं, दुसरं बसवलं, आणि काठ लाल झाला. इतका लाल की एक बाई आपोआप पुढे झाली.

"येवढ्यासाठी मला खोटी पाडलास व्हय रं?" आक्का म्हणाल्या.

"व्हय आक्का," तुम्ही म्हणालात.

व्यापाऱ्यांनी पुन्हा एकदा पडदा पाहिला आणि आक्कांना विचारलं, "असा काठ परत जमेल ना?" आक्का म्हणाल्या, "काठाचं मी बघते. तुम्ही तारंचं ह्यांना विचारा."

मी पुढे आयुष्यभर वर्तमानपत्रात चुकांचे खुलासे छापले, आतल्या पानावर, तळाशी, बारीक टाइपात. प्रत्येक वेळी तुमचा तो आवाज आठवला आणि प्रत्येक वेळी टाइप बारीकच ठेवला.

परवा एक जुना डीव्हीडी प्लेअर टीव्हीला जोडत होते. तसल्याच तीन तारा, आणि उजेडाच्या तारेला म्हणे हिरवं टोपण. तुम्ही हसला असतात. मी समोर बसून पाठीमागे हात घातला आणि अंदाजानं टोकं बसवली. पडद्यावर माणसं आली, सगळ्यांची तोंडं निळी. मी उठले, टीव्हीकडे पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाले, "चूक माझी हाय."

हे पत्र त्या तारांच्या वेटोळ्यात खोचून ठेवणार आहे. पण एक सांगते, आप्पा. तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून जमलं.