गुरुवारची हजेरी

ता. ९ जुलै

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

माझं पत्र आलं म्हणजे काहीतरी काम असणार, असं तू काकांना म्हणशील. ते खरंच आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्मभर लोकांचे फोन जोडून तुला फोनचा वीट आलाय, म्हणून हे शाईने लिहितेय.

मी ऑनलाइन पदवी करतेय हे फक्त तुला ठाऊक आहे. आमच्या लिफ्टच्या कंपनीत सुरक्षा-निरीक्षकाची जागा निघणार आहे आणि तिला पदवी लागते. ती मिळाली तर लिफ्टखालच्या खड्ड्यात बसून ग्रीस पुसणं सुटेल. पण नापास झाले तर आमचे मुकादम आणि बाकीची टोळी मला रिटायर होईपर्यंत प्राध्यापकीणबाई म्हणतील, म्हणून कामावर कोणाला पत्ता लागू दिलेला नाही.

बाकीचे तास संध्याकाळी असतात. समाजशास्त्राचा तेवढा गुरुवारी भर दुपारी. तेव्हा मी कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या डब्याच्या टपावर उभी असते आणि फोन लॉकरमध्ये. हजेरी कमी पडली तर परीक्षेला बसू देत नाहीत. तेव्हा माझ्या नावाने तू बस ना. आत कसं शिरायचं ते मागच्या पानावर लिहिलंय. शिरल्यावर कॅमेऱ्याचं बटण एकदा दाब, म्हणजे तो बंद होईल. मग फक्त गप्प बसायचं. तुला ते जड जाईल, पण माझ्यासाठी एवढं कर.

काकांना नमस्कार. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
खुडबुड

ता. २४ जुलै

चि. खुडबुड हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या हुकुमाप्रमाणे बसले. कॅमेऱ्याचं बटण न चुकता एकदा दाबते. सरांनी कुटुंबसंस्था सुरू केलीय. सोबत टिपणं आहेत. एकत्र कुटुंबाचे फायदे ते सांगत होते ते सगळे मी उतरवून घेतलेत, पण सरांना जाऊबाई नसाव्यात असा माझा अंदाज आहे.

एक छोटीशी गडबड झाली, रागावू नकोस. सर एकाच मुद्द्यावर घोळ घालत बसले होते, मला जरा गुंगी आली आणि एक्स्चेंजमधल्या ट्रंक-कॉलच्या सवयीने मी बोलून गेले की तीन मिनिटं झाली, पुढे चालू ठेवायचं आहे का. आवाजाचं बटण कधी दाबलं गेलं ते देवाला ठाऊक. मग सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. पाणी प्यायले आणि आभार मानून पुढच्या मुद्द्यावर गेले.

काका म्हणतात, पस्तीस वर्षांत मी त्यांना एवढं हसवलेलं नाही. जेवणाची हयगय करू नकोस.

तुझी,
मावशी

ता. ५ ऑगस्ट

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी मशीनरूममध्ये वाचलं आणि कपाळावर हात मारून घेतला. हाताला ग्रीस होतं. दिवसभर ते कोणी सांगितलं नाही.

अगं, गप्प बसायचं एवढंच काम दिलं होतं तुला. आता तो माझा आवाज ठरला. यापुढे तोंडात सुपारी धरून बस. टिपणं मात्र फार छान आहेत. ती पुस्तकापेक्षा चटकन डोक्यात शिरतात. जाऊबाईंचा भाग मी परीक्षेत लिहिणार नाही.

अशीच पाठीशी राहा, पण आवाज न करता.

तुझी,
खुडबुड

ता. १८ सप्टेंबर

चि. खुडबुड हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आता गप्प बसणं माझ्या हातात राहिलेलं नाही. मुलं पाळीपाळीने आपापले विषय मांडतात आणि घड्याळ सांभाळायचं काम सरांनी तुझ्यावर, म्हणजे माझ्यावर, सोपवलंय. एकजण फारच पाल्हाळ लावत होता. त्याची लाइन मी सभ्यपणे तोडली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वर्गात तुला फार मान आहे बरं का. पोरं तुला आजी म्हणतात. हे नाव तुला कधी पडलं? सर तर परवा सगळ्यांसमोर म्हणाले की या वयात एवढी चिकाटी त्यांनी कुठे पाहिली नाही. तुझ्या वयाच्या पोरी नुसत्या भटकतात, सरांचं बरोबरच आहे. मला भरून आलं. त्या भरात मी दोन शंकाही विचारल्या.

डिसेंबरात तोंडी परीक्षा आहे. तिथे मी उपयोगाची नाही, तुलाच तोंड दाखवावं लागेल. नीट अभ्यास कर.

तुझी,
मावशी

ता. ११ डिसेंबर

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

खुर्चीत नीट टेकून बस आणि मग पुढे वाच.

दाढ दुखते म्हणून मुकादमांकडून सुट्टी काढली, केस विंचरले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि तोंडी परीक्षेला बसले. सर पडद्यावर आले, माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाले की आजींना बोलवा. मला वाटलं थट्टा. मी म्हटलं की ती मीच. सरांचा चेहरा पडला. ते म्हणाले की सबंध सत्रभर ज्या बाई त्यांच्यासमोर वाटाणे सोलत बसल्या, डुलक्या काढत ऐकत राहिल्या, त्यांच्या जागी दुसरीच मुलगी परीक्षेला बसवणं त्यांना अजिबात खपणार नाही.

मावशी, कॅमेरा मुळात बंदच होता. तू दर गुरुवारी बटण दाबून तो इमानेइतबारे चालू करत होतीस. चूक तुझी नाही, सांगताना मीच उलटं सांगितलं. सबंध वर्गाने सत्रभर तुला पाहिलंय. काका बनियनवर चहा घेऊन येतात, तेही.

मी ओळखपत्र दाखवलं. सर म्हणाले की ते आजींचं असणार, फोटो तरुणपणीचा. माझ्याच परीक्षेला मी तोतया ठरले. थाप मारून निसटावं असं क्षणभर वाटलं, पण थापच सुचेना. मग लिफ्टपासून तुझ्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. सांगताना रडले, ते तुझ्यापासून लपवत नाही.

सरांनी ऐकून घेतलं आणि चार प्रश्न विचारले. चारही आले, तुझ्या टिपणांच्या जोरावर. तरीही नियम तो नियम. गुरुवारची सगळी हजेरी रद्द. हा विषय पुढच्या सत्रात पुन्हा करायचा, तोही स्वतःच्या तोंडाने. पदवी तेवढी लांबली, आणि निरीक्षकाच्या जागेचं आता काय होईल कळत नाही.

माझ्यावर रुसू नकोस.

तुझी,
खुडबुड

ता. १७ डिसेंबर

चि. खुडबुड हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. मी मेली तिथे मिरवत बसले आणि नुकसान तुझं झालं. काका तर बनियनच्या धक्क्यातून अजून सावरलेले नाहीत.

पण एक विचारते, आणि हे आधीच विचारायला हवं होतं. गुरुवारची दुपार मोकळी द्या, असं तू मुकादमांना कधी म्हणालीस का? नापास होशील म्हणून लपवत होतीस. आता याहून जास्त नाचक्की काय व्हायची राहिलीय? जा आणि विचार.

तुझी,
मावशी

ता. ४ जानेवारी

ती. सौ. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

विचारलं. मुकादमांनी हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाले की एवढीशी गोष्ट होती तर दाढ कशाला दुखवून घेतलीस. गुरुवारचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. वर साहेबांशीही बोलले. या सत्राचा निकाल येईपर्यंत जागा थांबेल, पण नापास झाले तर गेली. टोळी मला प्राध्यापकीणबाई म्हणायला लागलीय. वाटलं होतं तेवढं लागत नाही.

पुढच्या गुरुवारी वर्ग सुरू होतोय. तू नसशील याचं वाईट वाटतंय.

तुझी,
खुडबुड

ता. ९ जानेवारी

चि. खुडबुड हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी नसेन हे तुला कोणी सांगितलं? सरांचा नंबर मिळवून मी त्यांना फोन केला. हो, फोन. आधी माफी मागितली, मग विचारलं की माझ्या स्वतःच्या नावाने मला घेतील का. जन्मभर मी दुसऱ्यांची बोलणी जोडत राहिले, पण मला काय वाटतं ते कोणी विचारलं नाही. त्या वर्गात विचारायचे. गुरुवारची दुपार रिकामी गेली की मला घर खायला उठतं.

सर घ्यायला तयार झाले, पण त्यांचा आपल्या घराण्यावरचा विश्वास उडालाय. त्यांनी अट घातलीय. आपल्या दोघींचे कॅमेरे एकाच वेळी चालू हवेत आणि दोन्ही तोंडं एकाच वेळी दिसायला हवीत. एक जरी गैरहजर असली तरी दोघींची हजेरी बुडाली. तेव्हा आता दांडी मारायची नाही. मला पास व्हायचंय.

लोभ आहेच, गुरुवारी मात्र वेळेवर ये.

तुझी,
मावशी