गाडीच्या टेपमधला तुमचा आवाज

अहो,

आज तुमच्याशी भांडायचंय, म्हणून लिहून राह्यले. येत्या गुरुवारी वर्षश्राद्ध आलं, पण वर्षभरात एकदा बी भांडले न्हाई. फोटोपुढं उभं राहून तोंड सोडलं तर शेजारची शोभा खिडकीतून बघती, अन् संध्याकाळपर्यंत साऱ्या कॉलनीत होतं की सुमनवैनीच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यापेक्षा कागद बरा.

अहो, तुमचा आवाज गेला हो! त्या डबीतून तुमचा आवाज गेला!

जांब गावच्या देवळात तुमच्या मंडळाचं भजन झाल्तं, ते तुम्ही ज्या डबीत भरून घेतल्तं, ती डबी. काडेपेटीएवढी वस्तू, पण केवढा तोरा होता तिचा! गाणी वाजवती काय, आवाज भरून घेती काय. घरात मी भांडी घासू लागले की तुम्ही ती घेऊन गुपचूप गाडीत जाऊन बसायचे, वायरीनं टेपला जोडायचे, अन् सोताचंच भजन मान हलवत ऐकायचे. मी वरून बघायची अन् हसायची. सोताच्याच आवाजाला दाद देणारा माणूस मी दुसरा पाह्यला न्हाई.

तुम्ही गेल्यावर ती डबी मी कपाटात, शालूच्या घडीत ठेवल्ती. ऐकली न्हाई. म्हणलं, ज्या दिवशी अगदीच सहन होणार न्हाई त्या दिवशी ऐकू. अडीनडीला सोनं ठेवतेत तसं ठेवल्तं मी तुम्हाला.

आज तो दिवस आला. सकाळी पीठ मळत होते. सहज मनात आलं, तुम्ही बियाण्याच्या कंपनीतून यायचे तव्हा खालूनच मला हाक मारायचे ना, ती कशी मारायचे? आठवायला गेले, अन् आठवेना! तुमचं तोंड दिसलं. डाव्या भुवईवरचा तो व्रण दिसला. ओठ हलताना दिसले. आवाज काही येईना. हातातलं पीठ तसंच टाकलं, डबी काढली, नवा बारीक सेल घातला अन् खाली गाडीत जाऊन बसले.

वायर जोडली. टेप चालू केला. पेटी वाजली. मला इतकं रडू आलं की काय सांगू! मंग मृदंग आला. टाळ आले. कुणीतरी खोकलं ते बी आलं. आता तुम्ही येणार, आता येणार, म्हणून मी टेपला कान लावला. तुम्ही आलेच न्हाई. सारे वाजवून राह्यले, टाळकरी ठेका धरून राह्यले, अन् गाणाऱ्याची जागा रिकामी. मी वायरीची पिन डबीत अजून दाबली. आवाज वाढवला. काही न्हाई. जेवढी जोरात खुपसली तेवढे तुम्ही गायब.

कामून असं व्हावं? सारे राह्यले अन् तुम्हीच कसे गेले त्यातून?

बसस्टँडजवळच्या मोबाइलच्या दुकानात धावत गेले. त्या दुकानदारानं सोताची कानातली वायर लावून ऐकलं अन् म्हणला, "मावशी, ह्याच्यात गाणारं कोणीच न्हाई. नुसतं म्युझिक हाय." थोबाडीत द्यावी वाटली. म्हणलं, कॉम्प्युटरला लावून बघ. तर कॉम्प्युटरला लावायचं तिचं भोकच मोडलेलं. तुम्हीच पाडली आसंल कधीतरी, अन् मला सांगितलं नसंल.

तुमचा दुसरा आवाज कुठंच न्हाई हो. फोनवर तुम्ही "हं, बोल" च्या पुढं कधी गेलेच न्हाई. लग्नाकार्याच्या साऱ्या व्हिडिओत तुम्ही नुसते बुंदी वाढत फिरता, तोंड बंद. घसा आसा असून माणसानं एवढं मुकं ऱ्हावं का?

अन् माहा खरा राग कशावर हाय ते ऐका. साऱ्या कॉलनीला तुम्ही शिकवत फिरले. कुणाची मोटार, कुणाचा इन्व्हर्टर, कुणाचा टीव्ही. मी त्या वायरीला हात लावला की मात्र "तू नको, तुला जमायचं न्हाई." बरं, न जमू दे. पण जाताना सांगून तर जायचं! छातीत कळ आली, पाणी आणते म्हणून मी आत वळले, तेवढ्यात तुम्ही गेले. पाण्याचा तांब्या हातातच. एवढी कशाची जल्दी होती?

आता लिहवत न्हाई.

---

काल इथवर लिहून कागद उशीखाली ठेवल्ता. आज परत घेतला.

सकाळी उठून मोंढ्याच्या बाजाराकडं सलीमभाईकडं गेले. गाडीत टेप त्यानंच बसवून दिल्ता, म्हणलं त्याला तरी ठावं आसंल. मला बघून बिचारा स्टुलावरून उठला. डबी हातात घेतली, वायरीची पिन उलटीपालटी करून बघितली अन् म्हणला, "भाबी, इसपे काला दोरा रहता था. कां गया वो?"

मी म्हणले, कसला दोरा?

"भाईसाब लपेटे थे, पिन के ऊपर. पूरी अंदर ना जाए करके. डबी का ये सॉकेट ढीला है ना. पिन पूरी गई तो अंदर का टेका छूट जाता. फिर दोनों बाजू का बजता, बीचवाला उड़ जाता. भाईसाब बीच में बैठे होंगे गाने कू."

मधीच बसल्ते हो तुम्ही! एका बाजूला पेटी, एका बाजूला मृदंग, अन् मधी तुम्ही. 

"म्हणजे आवाज हाय? गेला न्हाई?"

"है भाबी, बिलकुल है. डबी में है."

म्हणलं, मंग नवं सॉकेट टाका, आत्ताच्या आत्ता टाका. त्यानं मान हलवली. असं सामान आता मिळत न्हाई म्हणला, अन् डबी उघडली तर परत मिटायची न्हाई. त्यानं चिकटपट्टी गुंडाळून बघितली. पिन घातली. अन् अहो, तुम्ही आले! एकच ओळ, ती बी अर्धी. मंग पट्टी सरकली अन् परत तुम्ही गेले. सलीमभाई म्हणला, पट्टी फिसलती, दोराच पाहिजे, दोरा बराबर पकडतो.

दोरा कुठं गेला? मी तर गाडीला हातच लावला नव्हता. गाडी दत्ताभावजी बघतेत. परतूरहून दर रविवारी येतेत, थोडी चालू करून ठेवतेत. भावाची गाडी म्हणून शेतातली कामं टाकून येतेत. त्यांना फोन लावला. दुपारच्या आत मोटारसायकलवर आले. पिन दाखवली तर त्यांचं तोंडच उतरलं.

"वैनी, तो म्या तोडला."

"तोडला?"

"तेराव्यानंतर. गाडी धुतली ना आपण. मालक गेला की गाडीवरचं नजरेचं सारं उतरवून पाण्यात सोडावं लागतं, अन् नवं बांधावं लागतं. बंपरचा बिब्बा काढला, आरशाचा दोरा काढला. वायरीला बी काळा दोरा दिसला. मला वाटलं, दादानं टेपला बी नजर लागू नये म्हणून बांधला आसंल. दुधना नदीत सोडून दिला."

अहो, मी त्यांना काय काय बोलले ते सांगायची लाज वाटती. म्हणले, तुम्ही माहा नवरा पाण्यात सोडला! म्हणले, चालते व्हा. ते गेले न्हाई. गाडीच्या दाराला टेकून उभे राह्यले अन् हमसून हमसून रडायला लागले. "वैनी, एवढे दोरे बांधून बी दादा गेला. मला त्या काळ्या दोऱ्याचाच राग आल्ता. दिसंल तो तोडला म्या."

आता ह्या माणसावर रागवावं तरी कसं, तुम्हीच सांगा? तुमचाच भाऊ. रागाच्या भरात नको ते तोडणारा.

मंग आम्ही दोघं दोरा शोधायला लागलो. शिवायचा दोरा बारीक, तुटला. लोकरीचा जाड, पिन आतच जाईना.  तेवढ्यात भावजीनं सदरा वर केला अन् कमरेचा करदोडा काडकन तोडला. मी ओरडलेच, "अहो, जित्या माणसानं तोडू नये! तुमच्या आईला ठावं झालं तर?" तर म्हणले, "गप बसा वैनी, गुंडाळा." त्या करदोड्याचा एक पदर सोडवला अन् पिनेवर गुंडाळला. पिन घातली, तुम्ही न्हाई. काढली, एक वेढा वाढवला. न्हाई. अजून एक वाढवला तर आतच जाईना. परत उसवला. घामानं दोरा ओला झाला. देवाचं नाव घ्यायचं सुद्धा सुचेना, नुसतं "या ना, या ना" म्हणत होते.

अन् आले तुम्ही.

काय सांगू तुम्हाला! पहिल्यांदा तर मला ओळखूच आला न्हाई. एवढा पातळ होता का हो तुमचा आवाज? माह्या मनात लई भारदस्त झाल्ता वर्षभरात. वरच्या सुराला जरा चिरकत बी होता. मंडळातले लोक तुम्हाला कधी बोलले न्हाई, भले लोक. पण तुम्हीच होते. तोच श्वास घ्यायचा मधी, तसाच घाईघाईनं. मी दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरून बसले.

भावजी शहाणे. म्हणले, "वैनी, वायर किती येळ टिकंल भरवसा न्हाई. मी फोनात भरून घेतो. बिलकुल आवाज करू नका." काचा वर केल्या. फोन टेपपुढं ठेवला. पहिल्यापासून लावलं. मी पदराचा बोळा तोंडात धरला. एक भजन झालं, दुसरं झालं. मी हुं की चूं केलं न्हाई.

मंग तुम्ही गायचं थांबले. कुणीतरी तुम्हाला पाणी दिलं आसंल, भांड्याचा आवाज आला. अन् तुम्ही मंडळींना म्हणले, "आता हे शेवटचं. मंग निघतो मी."

अहो, माह्याकडून ऱ्हावलंच न्हाई. पदर तोंडातून कव्हा पडला कळलं न्हाई. मी ओरडले. "न्हाई! शेवटचं न्हाई! थांबा हो, थांबा!" अन् हात मारला मी टेपवर, तुम्हाला धरायलाच जणू.

भजन तसंच चालू राह्यलं. शेवटपर्यंत भावजी हलले न्हाई. मंग हळूच म्हणले, "असू द्या वैनी, परत भरून घेऊ." परत लावायला गेले तर पिन आत सैल फिरायला लागली. माहा हात बसला त्यातच आसंल, सॉकेट आत निखळलं. आता दोरा गुंडाळा, काही गुंडाळा, त्यातून काहीच येत न्हाई. पेटी बी न्हाई अन् टाळ बी न्हाई. लगेच सलीमभाईकडं नेली. त्यानं बघितली अन् माह्या हातात परत दिली. 

तर आता तुमचा आवाज जगात एकाच ठिकाणी हाय, भावजीच्या फोनात, अन् त्यात मी हाय. भावजी म्हणले, शहरात कुणीतरी तुमचं ओरडणं कापून देईल. मी म्हणले, ऱ्हाऊ द्या. आपला दोघांचा आवाज एकत्र कुठंच नव्हता.

भावजी फोन माह्यापाशी ठेवून गेले, तव्हापासून तेच ऐकून राह्यले. तुम्ही म्हणता, "आता हे शेवटचं. मंग निघतो मी." मी जिवाच्या आकांतानं ओरडते, "थांबा हो, थांबा!" अन् तुम्ही थांबत न्हाई. पेटीवाला सूर देतो अन् तुम्ही शांतपणे गायला लागता. तिथवर आलं की माह्यानं पुढं ऐकवत न्हाई. मी बंद करते. ते शेवटचं भजन मी अजून पुरं ऐकलेलं न्हाई. गाडीत दुपारी बी माह्याच रडण्यात ते बुडून गेलं.

गुरुवारी तुमची मंडळी येतील. भावजी फोन लावतील. फोनातली सुमन ओरडंल, सारे माह्याकडं बघतील. पण त्या दिवशी मी बंद करणार न्हाई, अन् थांबा बी म्हणणार न्हाई. हे माहं वचन. तुम्ही गा, मी शेवटपर्यंत ऐकीन. अन् गाऊन झालं की मंग निघा तुम्ही.

तुमचीच,
सुमन