चाळीस नंबरचं तेल आणि न फोडलेलं पिंप

एल्क फोर्ड, मिनेसोटा
७ ऑक्टोबर १९९६

तीर्थस्वरूप आर्विड भाऊजींना,

ऑर्फाचा नमस्कार. प्रभूच्या कृपेने इकडे सगळे बरे आहे, माझा उजवा गुडघा, एक अंडी न देणारी कोंबडी आणि बसचं इंजिन एवढी तीन सोडून. तुमच्या छातीतला कफ कसा आहे? तिकडे दुलुथला लेकीकडे सरोवरावरून वारा येतो म्हणतात, तेव्हा मी विणलेला लोकरी गळपट्टा वापरत असाल अशी आशा आहे. (वापरत नसाल तर लेकीला देऊ नका, परत पाठवा. लोकर चांगली आहे.) नाताळला तुमचं कार्ड आलं, पण पाकिटावर माझं एकटीचंच नाव होतं. ह्यांनी ते पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि शेगडीवरच्या फळीवर उभं करून ठेवलं. अजून तिथेच आहे.

पत्र लिहायचं कारण म्हणजे तेल. तुम्ही दोघं भाऊ गेली दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाही, त्यामुळे तेलाबद्दल विचारायचं काम माझ्यावर आलं आहे. मला तेलातलं कळतं ते तळण्यापुरतं. पण येत्या सव्वीस तारखेला चर्चची भजनमंडळी आपल्या बसने सेंट क्लाउडला जायची आहे, आणि ह्यांनी पाद्रीबुवांना सांगून टाकलं आहे की ही आपली शेवटची फेरी. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षी परवाना मिळणार नाही असं स्पष्ट सांगितलं. ह्यांनी ते शांतपणे ऐकलं, घरी आले आणि तासभर बसच्या काचा पुसत बसले. तेव्हा ही फेरी तरी नीट व्हावी एवढीच माझी प्रार्थना आहे.

तर झालं असं. सहकारी दुकानात आपल्या बसच्या इंजिनाचं नेहमीचं, जाड चाळीस नंबरचं तेल येईनासं झालं. हे विचारायला गेले तर तिथली नवी विक्रेती म्हणाली, "आजोबा, आता चाळीस नंबर कोण वापरतं? हे मल्टिग्रेड घ्या, उन्हाळा-हिवाळा दोन्हीला चालतं." मल्टिग्रेडचं नाव ऐकताच हे असे मागे सरले की जणू तिने सैतानाची प्रतिमा काउंटरवर ठेवली. म्हणाले, "बाई, आमचं इंजिन टू-स्ट्रोक आहे." तिचा चेहरा उजळला. आतून तिने एक इवलीशी बाटली आणून दिली, वर मासेमारीच्या होडीचं चित्र. "हे बघा, टू-स्ट्रोकचं!" हे म्हणाले, "माझ्या होडीत एकेचाळीस म्हाताऱ्या बसतात, आणि ती पाण्यात नाही, रस्त्यावर चालते." दुकानात हशा पिकला. हे मात्र हसले नाहीत. घरी येऊन जेवणाच्या टेबलाशी बसले आणि मला म्हणाले, "आर्विड असता तर त्याने तिला समजावलं असतं." दोन वर्षांत तुमचं नाव ह्यांनी पहिल्यांदा घेतलं, भाऊजी. माझ्या हातातला बटाटा अर्धा सोललेलाच राहिला.

मग सल्ल्यांचा पाऊस पडला. पाद्रीबुवा म्हणाले, तेल कुठलंही असो, भाव शुद्ध असावा. (हे त्यांनी प्रवचनात म्हणावं, इंजिनाजवळ म्हणू नये.) ट्रॅक्टर विकणारे हॅल्वर्सन म्हणाले, "नेल्स, आता थंडी पडायला लागली, पातळ तेल घाल, सकाळी पटकन चालू होईल." त्यावर ह्यांनी त्यांना तुमचंच भाषण ऐकवलं, शब्दन्‌शब्द: "ह्या इंजिनात दर फेऱ्याला जाळ होतो. तुमच्या ट्रॅक्टरसारखी त्याला मधे विश्रांती नाही. पातळ तेल तिथे टिकायचं नाही. थंडी वाटत असेल तर इंजिनाला हीटर लावा, तेल पातळ करू नका." आवाजही तुमचाच काढला, तो नाकातला. हॅल्वर्सन म्हणाले, "आर्विड परत आला की काय!"

त्यानंतर हे भिंग घेऊन तालुक्यातली सगळी दुकानं हिंडले. एके ठिकाणी चाळीस नंबर मिळालं, पण त्यात राख जास्त. ती जळून व्हॉल्व्हवर बसते म्हणे. (तेलात राख असते हे मला वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी कळलं.) दुसरीकडे राख कमी, पण मल्टिग्रेड. शेवटी एका ट्रकवाल्यांच्या डेपोत सगळं जुळलं: चाळीस नंबर, राख कमी, डब्यावर जुन्या टू-स्ट्रोक डिझेलची खूणही. फक्त ते सुट्टं देत नव्हते, पंचावन्न गॅलनचं पिंपच घ्या म्हणाले. मी कधी नव्हे ते म्हटलं, घेऊन टाका. आपलं इंजिन कितीही तेल प्यालं तरी ते पिंप संपेपर्यंत आपण सगळे स्वर्गात असू, पण घ्या.

आता ते पिंप शेडमध्ये उभं आहे आणि हे त्याचं झाकण फोडत नाहीत. रोज जातात, पुसतात, परत येतात. परवा मी मागून गेले. ह्यांनी इंजिनातली तेल मापायची पट्टी ओढली, तेल अंगठ्यावर घेऊन चोळलं, हुंगलं, आणि हात तसाच डावीकडे पुढे केला, तुम्ही उभे राहायचात त्या बाजूला. मग हळूच मागे घेऊन पाटलोणीला पुसला. (डाग गेला नाही.)

तुम्ही एकतीस वर्षं बसच्या कारखान्यात घालवली. तेव्हा एवढंच कळवा, हे तेल चालेल ना? लेकीला आणि नातवंडांना आशीर्वाद.

आपली भावजय,
ऑर्फा

ता. क. तेल चालेल हे मलाही माहीत आहे. तुम्ही या. सव्वीसच्या आत या, आणि तुमच्या नाकाने ते पिंप उघडा.

ता. क. २. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात तुम्ही पट्टी ओढून तेल हुंगलंत आणि ओरडलात, "हे कुणी घातलं?" ह्यांनी एकदा माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि श्वास न घेता "मी" म्हटलं, आणि तुम्ही टोपी उचलून निघून गेलात. भाऊजी, ते मी केलं होतं. थंडीत तुमचं चाळीस नंबर काकवीसारखं घट्ट व्हायचं, म्हणून हे त्याचे डबे माझ्या शेगडीमागे, पावाच्या पिठाशेजारी गरम करत ठेवायचे आणि सगळ्या पावांना डिझेलचा वास लागायचा. सेलमध्ये "सर्व ऋतूंसाठी" असं लिहिलेलं तेल दिसलं, म्हणून मी ते आणून गुपचूप चाळीस नंबरच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवलं. ह्यांनी ते विश्वासाने ओतलं. तुम्ही गेल्यावर मी तुमच्या मागे धावणार होते, तर ह्यांनी हात धरला. म्हणाले, "माझ्यावर रागावला तरी तो भाऊच राहील. तुझ्यावर रागावला तर रविवारी जेवायला यायचा नाही." पण तुम्ही तसेही आला नाहीत. दोन वर्षं मी प्रभूला हे सांगते आहे, आणि ज्याला सांगायचं त्याला आज सांगते आहे.

ता. क. ३. पत्र टाकायला ह्यांनाच दिलं. पाकिटावरचं नाव वाचून विचारलं, "काय लिहिलंस?" मी म्हटलं, "तेलाचं." म्हणाले, "चाळीसच म्हणेल तो." आणि शेडमध्ये जाऊन तुमचं स्टूल इंजिनाशी मांडून आले. मग मी पाकीट परत मागून घेतलं आणि एवढं वाढवलं.

ता. क. ४. मन हलकं करायला बसलेच आहे, तर आणखी एक सांगते. अकरा वर्षं दर रविवारी माझ्या धिरड्यांवरच्या ज्या मेपलच्या पाकाची तुम्ही स्तुती करत होतात, तो मेपलचा नव्हता. बाटली तेवढी मेपलची होती. आता खरा आणला आहे. सील तुमच्यासमोरच फोडीन.